विश्लेषण : अहवालात धरणे ‘शंभर टक्के स्थिर’, प्रत्यक्षात २७० बळी… खाण कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांवर किती विश्वास ठेवायचा?

ब्राझीलमधील ब्रुमाडिन्हो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या खाणीतील गाळ साठवणारे धरण फुटले आणि २७० जणांचा जीव गेला. खाणीची मालक असलेली ‘व्हाले’ ही कंपनी तोवर आपल्या शाश्वतता अहवालांतून गुंतवणूकदारांना सांगत होती, की आपली सर्व धरणे स्थिर असल्याचे प्रमाणित आहे. याच दाव्यावरून पुढे अमेरिकी बाजार नियामकाने कंपनीला न्यायालयात खेचले. अपघातानंतर खाण कंपनीची पत किती घसरते, ती किती लवकर सावरते आणि तिच्या अहवालांत खरोखर काय बदलते, याचा जगातील सर्वात ठळक धडा याच प्रकरणात आहे. भारतातही मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना असे अहवाल सक्तीचे झाल्याने हा धडा आपल्यासाठीही महत्त्वाचा ठरतो.

ब्रुमाडिन्होत नेमके काय घडले?

मिनास जेराइस हे ब्राझीलमधील राज्य लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कोरेगो दो फेजाओ या खाणीत ‘बी-१’ नावाचे सुमारे ८६ मीटर उंचीचे धरण होते. १९७६ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवण्यात आली. ते फुटले तेव्हा त्यात नवा गाळ टाकणे बंद झालेले होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे कामगारांच्या जेवणाच्या वेळी, धरणाची भिंत कोसळली. पाच मिनिटांच्या आत सुमारे ९७ लाख घनमीटर गाळ बाहेर पडला. खाणीचे कार्यालय आणि कामगारांचे भोजनगृह धरणाच्या खालच्याच बाजूला होते. धोक्याचा इशारा देणारे भोंगे वाजलेच नाहीत. मृतांमध्ये बहुसंख्य खाणीचे कर्मचारी आणि कंत्राटी कामगार होते. गाळ पुढे पॅराओपेबा नदीत गेला.

व्हालेसाठी अशी दुर्घटना पहिली नव्हती. त्याआधी तीनच वर्षे, ५ नोव्हेंबर २०१५ रोजी, याच राज्यात मारियानाजवळ ‘फंडाओ’ धरण फुटले होते. ते सामार्को कंपनीचे होते आणि सामार्कोत व्हाले व ‘बीएचपी’ यांची निम्मी-निम्मी मालकी आहे. त्या दुर्घटनेत १९ जण मरण पावले, बेंटो रॉड्रिग्ज हे गाव गाळाखाली गेले आणि रिओ डोसे नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत गाळ अटलांटिक महासागराला मिळाला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या व्हालेचे मूळ नाव ‘कंपानिया व्हाले दो रिओ डोसे’, म्हणजे रिओ डोसेच्या खोऱ्याची कंपनी. ज्या नदीचे नाव कंपनीने अनेक दशके मिरवले, तीच नदी तिच्या भागीदारीतील धरणाने गढूळ केली. २०१७ मध्ये सूत्रे हाती घेतलेले मुख्याधिकारी फाबियो श्वार्त्समन यांनी म्हणूनच ‘मारियाना पुन्हा कधीच नाही’ हे घोषवाक्य पुढे केले. ब्रुमाडिन्होनंतर मार्च २०१९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

असे धरण फुटते कसे?

लोहखनिज दळून, धुऊन त्यातील लोहांश वेगळा केला की बारीक माती आणि पाण्याचा गाळ उरतो. त्याला खाण उद्योगात ‘टेलिंग्ज’ म्हणतात. हा गाळ साठवण्यासाठी धरण बांधावे लागते. पाणी साठवणारे धरण एकदाच पूर्ण बांधले जाते. गाळाचे धरण मात्र खाण चालू असेपर्यंत वाढत राहते.

ते वाढवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे ‘अपस्ट्रीम’ पद्धत. यात आधी एक छोटा बांध घालतात. त्यामागे गाळ साचून थोडा घट्ट झाला की त्या गाळावरच पुढचा बांध रचतात. त्यामागे पुन्हा गाळ, त्यावर पुन्हा बांध. जागा कमी लागते, भरावाचा खर्च वाचतो. पण धरणाचा पायाच साठवलेल्या गाळाचा असतो. फंडाओ आणि बी-१ ही दोन्ही धरणे याच पद्धतीची होती.

हा गाळ पाण्याने भरलेला असेल तर धोका वाढतो. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहिले तर घट्ट वाटणारी वाळू अचानक मऊ होते आणि पाय आत जातो. वाळूच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. अभियांत्रिकीत याला ‘द्रवीकरण’ म्हणतात. दोन्ही धरणांच्या तज्ज्ञ चौकशीत हेच कारण समोर आले. बी-१ च्या बाबतीत डिसेंबर २०१९ च्या तज्ज्ञ अहवालाने आणखी एक गोष्ट सांगितली : कोसळण्यापूर्वी धरणाने डोळ्यांना दिसेल असे कोणतेही ठळक लक्षण दाखवले नव्हते.

म्हणजे अशा धरणाच्या बाबतीत भिंतीला तडा जाण्याची वाट पाहून चालत नाही. धोका आधी कळतो तो हिशेबातून. ब्रुमाडिन्होत तो हिशेब झालेला होता.

१.०९ हा आकडा इतका महत्त्वाचा का?

कोणत्याही उताराची किंवा बांधाची सुरक्षितता मोजताना अभियंते ‘सुरक्षा गुणांक’ काढतात. बांध जितका भार पेलू शकतो, त्याला प्रत्यक्षातील भाराने भागले की हा आकडा मिळतो. उत्तर १ आले तर बांध काठावर उभा आहे. १.३ आले तर ३० टक्के जादा ताकद हाताशी आहे. मातीचे गुणधर्म जागोजागी बदलतात, मोजमापात चूक होते, पाऊस जास्त पडतो. म्हणून ही जादा ताकद लागते.

द्रवीकरणाचा धोका असलेल्या धरणांसाठी किमान १.३ गुणांक हवा, असे व्हालेनेच २०१७ मध्ये बोलावलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे म्हणणे होते. बी-१ साठी २०१८ मध्ये केलेल्या हिशेबात तो १.०९ आला. तरीही जर्मनीच्या ‘टीयूव्ही स्यूड’ या संस्थेच्या ब्राझीलमधील शाखेने धरण स्थिर असल्याचे प्रमाणपत्र दिले. ते प्रमाणपत्र सरकारदरबारी जमा झाले आणि कंपनीच्या कागदपत्रांत धरणासमोर ‘स्थिर’ ही नोंद झाली.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पैसे देते ती खाण कंपनीच. पुढचे काम मिळणार की नाही, हेही तीच ठरवते. जानेवारी २०२० मध्ये मिनास जेराइसच्या सरकारी वकिलांनी १६ जणांवर हत्येचे आरोप ठेवले. त्यातील ११ जण व्हालेशी, तर ५ जण प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेशी संबंधित होते.

अमेरिकी नियामकाने नेमका कशावर बोट ठेवले?

व्हालेचे रोखे न्यूयॉर्क शेअर बाजारातही सूचिबद्ध आहेत. त्यामुळे तेथील बाजार नियामक, म्हणजे ‘सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन’, तिच्यावर कारवाई करू शकते. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. दावा धरण फुटण्याबद्दल नव्हता. धरणांविषयी गुंतवणूकदारांना जे सांगितले गेले, त्याबद्दल होता.

शाश्वतता अहवालांत व्हालेने आपण धरण सुरक्षेच्या ‘सर्वात कठोर आंतरराष्ट्रीय पद्धती’ पाळतो आणि १०० टक्के धरणे स्थिर असल्याचे प्रमाणित आहे, असे म्हटले होते. आयोगाचे म्हणणे होते, की बी-१ आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही हे कंपनीला ठाऊक होते. २०१६ पासून धरणांच्या सुरक्षा तपासण्यांत फेरफार झाले. आणि स्थिरतेच्या प्रमाणपत्राला अडचण ठरतील अशा तपासनीसांना व तज्ज्ञांना बाजूला सारण्यात आले.

मार्च २०२३ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ५ कोटी ५९ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्यातील अडीच कोटी डॉलर दंड होता. उरलेली रक्कम गैरमार्गाने झालेला लाभ आणि त्यावरील व्याजापोटी होती.

रकमेपेक्षा या कारवाईतून प्रस्थापित झालेले तत्त्व मोठे आहे. तोवर शाश्वतता अहवाल हा जनसंपर्क विभागाचा मामला मानला जाई. चकचकीत कागद, शाळेत हसणारी मुले, रोपांची लागवड आणि मोघम वाक्ये. ताळेबंदात चुकीचा आकडा छापला तर संचालक अडकतात, पण अशा अहवालातील दाव्याची झाडाझडती क्वचितच होई. या खटल्याने दाखवून दिले, की अहवालाचे नाव काहीही असो, गुंतवणूकदार त्यावर विसंबून पैसे गुंतवत असतील तर त्यातील वाक्यासाठी कंपनीला उत्तर द्यावे लागेल.

प्रतिष्ठेला फटका किती बसला?

दुर्घटनेनंतरच्या पहिल्या व्यवहाराच्या दिवशी, २८ जानेवारी २०१९ रोजी, व्हालेचा शेअर सुमारे २४ टक्के कोसळला. एका दिवसात सुमारे १९ अब्ज डॉलरचे बाजारमूल्य नाहीसे झाले. ब्राझीलच्या शेअर बाजाराच्या इतिहासातील तोवरची ती सर्वात मोठी एकदिवसीय घसरण होती. कंपनीने लाभांश थांबवला. मूडीज या पतमापन संस्थेने तिचे मानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खाली आणले. ब्राझीलच्या शेअर बाजाराने तिला आपल्या शाश्वतता निर्देशांकातून वगळले. म्हणजे धरण फुटेपर्यंत ही कंपनी त्या निर्देशांकात होती! मे २०२० मध्ये नॉर्वेच्या सरकारी गुंतवणूक निधीने गंभीर पर्यावरणीय हानीचे कारण देत व्हालेला आपल्या गुंतवणुकीतून वगळले.

कामकाजावरही परिणाम झाला. अनेक खाणी बंद ठेवाव्या लागल्याने कंपनीचे लोहखनिज उत्पादन २०१८ मधील सुमारे ३८.५ कोटी टनांवरून २०१९ मध्ये सुमारे ३०.२ कोटी टनांवर आले. जगातील सर्वात मोठी लोहखनिज उत्पादक हे बिरुद रिओ टिंटोकडे गेले. २०१९ या वर्षी कंपनीला सुमारे १.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मिनास जेराइस राज्याशी ३७.६८ अब्ज रिआलचा, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सात अब्ज डॉलरचा, भरपाई करार झाला.

अपघातानंतर काही महिन्यांत आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था सावध झाल्या आणि व्हालेच्या इतर अनेक धरणांना स्थिरतेचे नवे प्रमाणपत्र मिळेना. बारॉव दे कोकाइससारख्या गावांतून शेकडो लोकांना धरणाच्या धोक्यामुळे रातोरात घरे सोडावी लागली. धरणे तीच होती. बदलली ती सही करणाऱ्यांची तयारी.

मग कंपनी सावरली कशी?

प्रतिष्ठा गेली की कंपनी बुडते, हे गृहीतक खाण उद्योगात पूर्णपणे खरे ठरत नाही. व्हालेच्या खाणी बंद पडल्याने जगातील लोहखनिजाचा पुरवठा घटला आणि चीनची मागणी कायम राहिली. दुर्घटनेपूर्वी टनामागे ७५ डॉलरच्या आसपास असलेला भाव जुलै २०१९ मध्ये १२० डॉलरच्या वर गेला. कमी माल विकूनही उत्पन्न टिकले. दोन वर्षांच्या आत शेअर दुर्घटनेपूर्वीच्या पातळीच्या पुढे होता आणि २०२१ मध्ये कंपनीने २२ अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ नफा कमावला.

साबण किंवा मोबाइल बनवणाऱ्या कंपनीवर ग्राहक थेट बहिष्कार टाकू शकतो. लोहखनिजाचा ग्राहक पोलाद कारखाना असतो. घरातील सळईत किंवा मोटारीत कोणत्या खाणीचे लोखंड आहे, हे शेवटच्या ग्राहकाला कळतच नाही. त्यामुळे खाण कंपनीच्या प्रतिष्ठेचे खरे तारण तीन ठिकाणी असते : परवाना देणारे सरकार, भांडवल देणारे निधी आणि बँका, आणि खाणीशेजारी राहणारे लोक. यांपैकी शेअर बाजाराची स्मृती सर्वात अल्प, तर गावकऱ्यांची सर्वात दीर्घ.

कायद्याची घडी मात्र बाजारापेक्षा खूप हळू बसते. मारियानाच्या भरपाईचा अंतिम करार ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुर्घटनेला जवळपास नऊ वर्षे झाल्यावर झाला. त्याची एकूण रक्कम १७० अब्ज रिआल असून त्यातील मोठा भाग २० वर्षांत द्यायचा आहे. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमधील न्यायालयाने सामार्को, व्हाले आणि बीएचपी यांना फौजदारी आरोपांतून मुक्त केले. याउलट लंडनच्या उच्च न्यायालयाने, सहा लाखांहून अधिक दावेदारांच्या दिवाणी खटल्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये बीएचपीला जबाबदार ठरवले. कंपनीने अपिलाची भूमिका घेतली आहे.

दुर्घटनेनंतर अहवालांत काय बदलते?

मोठ्या पर्यावरणीय दुर्घटनेनंतर अहवाल जाडजूड होतात, हे जुने निरीक्षण आहे. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ या जहाजातून तेलगळती झाली. त्यानंतर गळतीशी संबंध नसलेल्या तेल कंपन्यांनीही आपल्या वार्षिक अहवालांत पर्यावरणाविषयीची माहिती वाढवली, असे डेनिस पॅटन या अभ्यासकाने १९९२ मध्ये दाखवून दिले. समाजाची संमती धोक्यात आली की कंपन्या शब्दांनी ती परत मिळवू पाहतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

ब्रुमाडिन्होनंतर मात्र पानांच्या संख्येपलीकडे काही घडले आणि त्याची सुरुवात गुंतवणूकदारांनी केली. चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्तिवेतन मंडळ आणि स्वीडनच्या सरकारी निवृत्तिवेतन निधींच्या नीती परिषदेने पुढाकार घेऊन २०१९ मध्ये जगभरातील शेकडो खाण कंपन्यांना पत्र पाठवले. मागणी साधी होती : तुमच्या प्रत्येक धरणाची माहिती द्या. ते कुठे आहे, किती उंच आहे, कोणत्या पद्धतीने बांधले, त्याच्या स्थिरतेबाबत कधी शंका उपस्थित झाली होती का? त्यातून जानेवारी २०२० मध्ये खुली झालेली जागतिक नोंदवही सतराशेहून अधिक धरणांची माहिती देते. तोवर जगात अशी किती धरणे आहेत, याची एकत्र नोंदच उपलब्ध नव्हती.

ऑगस्ट २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, गुंतवणूकदारांची संघटना आणि खाण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय परिषद यांनी मिळून टेलिंग्ज व्यवस्थापनाचे जागतिक मानक जाहीर केले. परिषदेच्या सदस्य कंपन्यांना सर्वाधिक धोक्याच्या धरणांसाठी ऑगस्ट २०२३ आणि इतर धरणांसाठी ऑगस्ट २०२५ ही मुदत होती. शाश्वतता अहवालांचे निकष ठरवणाऱ्या ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ने २०२४ मध्ये खाणींसाठी स्वतंत्र निकष आणले. त्यात कंपनीचे एकत्रित आकडे पुरेसे न मानता खाणनिहाय माहिती मागितली आहे. ब्राझीलने २०२० मध्ये कायद्याने अपस्ट्रीम धरणांवर बंदी घातली. व्हालेने अशी ३० धरणे मोडीत काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला असून तो २०३५ पर्यंत चालणार आहे.

भारताने यातून काय घ्यावे?

‘सेबी’ने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’, म्हणजे ‘बीआरएसआर’ची चौकट आणली. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ती सक्तीची आहे. २०२३ मध्ये त्यातील निवडक निकषांची बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घेण्याची टप्प्याटप्प्याने तरतूद झाली. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण चौकट सर्व उद्योगांसाठी एकच आहे. बँक, सॉफ्टवेअर कंपनी आणि खाण कंपनी बरीचशी सारखीच प्रश्नावली भरतात. पाणी, कचरा, उत्सर्जन यांचे बहुतांश आकडे संपूर्ण कंपनीचे असतात. प्रत्येक गाळ धरण किती उंच, सुरक्षा गुणांक किती, खाली किती घरे, हे प्रश्न त्यात नाहीत. आणि धरण फुटते ते कंपनीच्या सरासरीत नव्हे, एका ठरावीक गावाच्या डोक्यावर.

हा प्रश्न महाराष्ट्र आणि गोव्यासाठी दूरचा नाही. गोव्यात बेसुमार लोहखनिज उत्खननामुळे सर्वोच्च न्यायालयाला दोनदा हस्तक्षेप करावा लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्या वर्षीच्या मार्चपासून खाणी थांबल्या. परवाना आणि लोकांची संमती यांच्याशी खेळ झाला की उद्योगासह कामगार, बार्जवाले, ट्रकमालक सारेच भरडले जातात, हे गोव्याने अनुभवले. गडचिरोलीत सुरजागड परिसरात लोहखनिजाचे मोठे उत्खनन सुरू आहे. नागपूरजवळ कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या बंधाऱ्याला जुलै २०२२ मध्ये भगदाड पडून राखमिश्रित पाणी शेतात आणि ओढ्या-नाल्यांत शिरले होते. राखेचा बंधारा खाणीचा नसला तरी बारीक, पाण्याने भरलेला गाळ उंच साठवण्याचे तंत्र आणि त्याचा धोका त्याच जातीचा आहे.

वाचकाने आणि गुंतवणूकदाराने काय पाहावे?

म्युच्युअल फंड किंवा भविष्य निर्वाह निधीच्या मार्गाने कोट्यवधी सामान्य भारतीयांचा पैसा खाण आणि धातू कंपन्यांत जातो. अशा कंपनीचा अहवाल चाळताना काही साध्या गोष्टी तपासता येतात. धरणांची किंवा बंधाऱ्यांची नावानिशी यादी आहे का? ‘प्रमाणित’ असा शब्द असेल तर प्रमाणित कोणी केले, कोणत्या निकषावर आणि आकडा किती आला? मागील वर्षी त्रुटी सापडल्या असतील तर त्या मांडल्या आहेत, की सगळेच आलबेल आहे? ज्या अहवालात एकही अडचण नाही, तो अधिक काळजीपूर्वक वाचायला हवा.

नियामकांसाठी काम याहून स्पष्ट आहे. खाण आणि वीज कंपन्यांसाठी धरणनिहाय माहिती सक्तीची करावी. तपासनीसाची निवड आणि त्याचे मानधन कंपनीच्या थेट हातात ठेवू नये. कंपन्यांकडून निधी गोळा करून तपासनीस नियामकाने नेमावा. सुरक्षा गुणांक आणि आपत्कालीन नकाशे स्थानिक भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आपल्या वस्तीवरच्या बंधाऱ्याचा आकडा गावाला माहीत असेल, तर तो लपवणे कठीण जाते.

ब्रुमाडिन्होत १.०९ हा आकडा अभियंत्यांना माहीत होता, सल्लागारांना माहीत होता आणि कंपनीच्या कागदांत होता. धरणाच्या खाली भोजनगृहात बसलेल्या कामगारांपर्यंत तो कधीच पोहोचला नाही. शाश्वतता अहवालाची उपयुक्तता यापुढे याच कसोटीवर मोजली गेली पाहिजे : धोक्याच्या जागी राहणाऱ्या माणसाला त्यातून वेळेत काही कळते की नाही.